ऑनलाइन गल्ल्याची बोहनी

दुकान कोणतंही असो, माल विकला जातो आणि किस्से उरतात. आमच्या दुकानात तर सुरुवातीला मालसुद्धा विकला गेला नव्हता, तरी किस्स्यांचा स्टॉक फुल्ल! अजूनही आमची जुनी मंडळी कुठे लग्नात-बारशात भेटली की कोणीतरी हमखास विचारतं, "ते तुमच्या वेबसाइटचं काय झालं होतं हो?" मग पंगत उठते, पण आम्ही उठत नाही.

नवीन लोकांसाठी आधी ओळख करून देतो. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. चंद्रपुरात माझा कंप्युटर क्लास होता. लोडशेडिंग एवढं, की निम्मा कंप्युटर मी पोरांना तोंडीच शिकवायचो! सिंधूबाई मोहर्लीजवळच्या एका गावातल्या. त्या आणि त्यांच्या गावातल्या बायका बांबूच्या वस्तू करायच्या. वाघ बघायला आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे त्या विकत घ्यायचे. वाघ दिसला नाही तर जास्तच घ्यायचे, रिकाम्या हातानं घरी कसं जायचं! आणि तिसरे दिवाकरभाऊ. भद्रावतीच्या एका कारखान्यात त्यांचा सगळा जन्म स्टोअरकीपरीत गेला. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आम्हा दोघांच्या या ऑनलाइन दुकानात आले.

त्या वर्षी सिंधूबाईंच्या शब्दावर गावातल्या बायकांनी नेहमीच्या व्यापाऱ्याला नाही म्हटलं होतं. सगळ्यांनी मिळून बांबूचे आकाशकंदील केले होते आणि ते आमच्या वेबसाइटवर विकायचे होते. दिवाळी गेली की कंदिलाला कोण विचारतं? बाई मला म्हणाल्या, "मास्तर, माल पडून राह्यला तं गावात मले तोंड दाखवाले जागा नाई जी."

वेबसाइट तयार होती, फोटो छान आले होते. नव्हता फक्त गल्ला. म्हणजे गिऱ्हाइकानं कार्डाचा नंबर टाकला की त्याच्या बँकेतून पैसे घेऊन आपल्या बँकेत टाकणारी कंपनी. मी बाईंना सोपं करून सांगितलं, "हा आपला गल्ल्यावर बसणारा माणूस समजा."

"मंग पाहूनच ठेवा लागन," बाई म्हणाल्या. "गल्ल्यावर काई कोनालेही बसवत नाई."

तिथून आमचे हाल सुरू झाले.

०

मी इंटरनेटवरून तीन कंपन्या काढल्या. एक मुंबईची, एक हैदराबादची आणि एक थेट अमेरिकेची. म्हटलं, रेट बघू आणि एक ठरवून टाकू. दिवाकरभाऊंनी हात वर केला.

"असं नाई चालत मास्तर. कोटेशन बोलवा लागते. सीलबंद! मी आयुष्यात कोटेशनशिवाय खिळा नाई घेतला."

मी हसलो. भाऊ हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात तिन्ही कंपन्यांना रजिस्टर पोस्टानं पत्रं धाडली. आपले दर सीलबंद पाकिटात पाठवावेत, पाकिटं सर्वांसमक्ष उघडली जातील, उशिरा आलेलं पाकीट विचारात घेतलं जाणार नाही. अमेरिकेलासुद्धा!

ठरल्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. टेबलावर चादर अंथरली, कात्री ठेवली, चहा सांगितला. एकही पाकीट आलं नाही. तेवढ्यात मुंबईच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला, तो भाऊंनीच उचलला. बिचारी गोंधळून गेली होती. "सर, तुमचं लेटर मिळालं. पण आमचे रेट तर आमच्या वेबसाइटवर आहेत. कोणीही बघू शकतं."

भाऊंनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे दुःखानं पाहिलं.

"कोनीही पाहू शकते म्हणे! ह्याईच्या जवळ आपला गल्ला द्याचा?"

०

तरी मुंबईवाल्यांनी माणूस पाठवला. दुकान खरंच आहे की नाही, ते बघायचा त्यांचा नियम होता. टाय लावलेला, बूट चकाचक. मी त्याला आधी क्लास दाखवला. तो म्हणाला, "गोडाऊन दाखवा." गोडाऊन म्हणजे सिंधूबाईंचं अंगण! त्याला घेऊन गावी गेलो.

अंगणभर कंदील टांगलेले, बायका काड्या सोलत बसलेल्या. त्यानं फॉर्म काढला आणि एकेक प्रश्न विचारू लागला. बांधकाम कसं आहे? मातीचं. आग विझवायची सोय? विहीर. मग त्यानं विचारलं, "मालाच्या सुरक्षेसाठी रात्री वॉचमन असतो का?"

बाईंनी काम न थांबवता सांगितलं, "राती वाघ फिरते जी. चोर कायले येईन?"

 मग त्यानं माझ्यासमोर फॉर्मवर लिहिलं, 'सुरक्षा व्यवस्था समाधानकारक.'

मला वाटलं, जमलं काम! पण तो जीपमध्ये बसून गेला आणि बाईंनी निकाल दिला, "हा नाई पाह्यजे."

"काऊन बाई?" भाऊंनी विचारलं.

"दोनदा पानी इचारलं, तीनदा चहा इचारला. त्यानं आपली शिशीच काढली अन् तिच्यातलंच पेलं. ज्याले आपल्या विहिरीच्या पान्याचा भरोसा नाई, त्याच्यावर आपन कायचा भरोसा कराचा?"

माझा पारा चढला. रेट चांगले, फॉर्म भरून झालेला आणि कंपनी कशावरून नाकारायची, तर पाण्यावरून! मी सगळं समजावून सांगितलं. बाई शांतपणे काड्या सोलत राहिल्या. मुंबई गेली.

०

अमेरिकेवाल्यांचं बरं होतं. माणूस नाही, फॉर्म नाही, सगळं घरबसल्या. खातं दिवाकरभाऊंच्या नावानं उघडायचं ठरलं. मी टाइप करत होतो, भाऊ शेजारी बसले होते. स्क्रीनवर प्रश्न आला, तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?

भाऊ ताडकन उठले. "कायले पाह्यजे? सोयरीक कराची आहे का?"

मी म्हटलं, "भाऊ, हे गुपित असतं. पासवर्ड विसरला तर ते हाच प्रश्न विचारतात. उत्तर फक्त तुम्हालाच माहीत असतं, म्हणून."

"फक्त मले? मास्तर, माही माय चिमूरची. आजोबाचा बाजारात मोठा कारभार. चिमुरात कोनत्याही पानठेल्यावर उभं राहून इचारा, आडनाव तं सोडा, आजोबाच्या बैलाचं नाव सांगतीन! हे कायचं गुपित?"

मुद्दा बिनतोड होता. म्हणून भाऊंनी खोटं आडनाव टाकायचं ठरवलं. मलासुद्धा तोंड फिरवून बसायला लावलं आणि एका बोटानं स्वतः टाइप केलं.

पुढच्याच आठवड्यात भाऊ पासवर्ड विसरले. मी फोन लावून दिला. पलीकडून एक साहेब अगदी अदबीनं बोलत होता. त्यानं तोच प्रश्न विचारला. भाऊंना आपण काय टाकलं होतं ते आठवेना. आधी चार-दोन आडनावं सांगून बघितली. शेवटी वैतागून खरं आडनाव सांगितलं. पलीकडून आवाज आला, "सॉरी सर, दॅट इज इनकरेक्ट."

भाऊंचा चेहरा लालबुंद झाला.

"माह्या मायचं आडनाव मले चूक सांगून राह्यला हा!"

फोन आपटला. खातं आजतागायत बंद आहे. अमेरिका गेली.

०

आता उरलं हैदराबाद. तिथं आमचं काम बघायला व्यंकट नावाचा एक तरुण इंजिनिअर होता. हिंदी बोलायचा, फोन उचलायचा आणि मुख्य म्हणजे हसायचा. त्यानं सांगितलं, वेबसाइटवर माल परत घेण्याचे नियम लिहिलेले पाहिजेत, त्याशिवाय कंपनी पुढे जात नाही.

मी बाईंना विचारलं, "बाई, गिऱ्हाइकाला कंदील आवडला नाही तर?"

"नाई आवडला तं शेजारच्या बाईले द्या म्हना. तिले आवडन."

मी म्हटलं, असं नाही चालत. बाई म्हणाल्या, तुम्ही लिहा तर खरं. मी चिडून जसंच्या तसं लिहिलं आणि वेबसाइटवर टाकलं. दुसऱ्या दिवशी व्यंकटचा फोन आला. त्याला हसू आवरत नव्हतं. "सर, हमारे लीगलवाले पूछ रहे हैं, पड़ोसन कौन है?"

पुन्हा बाईंकडे गेलो. या वेळी बाईंनी पुष्कळ विचार केला. मग सांगितलं, "बरं, लिहा. वापस घेऊ. पार्सलचं भाडंही आमीच देऊ. पन काऊन नाई आवडला, ते सांगाच लागन. त्याबिगर आमाले सुधारता कसं येईन?"

हा नियम पास झाला. व्यंकट म्हणाला, एवढे चांगले नियम मोठमोठ्या दुकानांचेही नसतात. मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "पानी प्याले कधी येते तो?"

०

आणि आता शेवटचा.

दिवाळी तोंडावर आली. हैदराबादच्या साहेबांनी आणखी एक अट काढली. काही छोटी दुकानं कार्डावर पैसे घेतात आणि माल पाठवतच नाहीत. म्हणून तुम्ही आधीच्या गिऱ्हाइकांना पार्सलं पाठवल्याच्या पावत्या दाखवा, मगच गल्ला सुरू. आम्ही कुठून आणणार पावत्या? आमचा सगळा माल अंगणातून हातोहात गेलेला! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशातली गत. व्यंकट म्हणाला, "मैं कोशिश करता हूँ सर." पण त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं.

त्या दिवशी बाई बाजाराला आल्या होत्या, तशा क्लासवरही आल्या. गावातल्या बायका रोज विचारायला लागल्या होत्या. व्यापारीही एक चक्कर मारून गेला होता आणि अंगणातले कंदील बघून नुसता हसला होता. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सिंधूबाईंचे हात रिकामे मी पहिल्यांदाच बघत होतो. 

तेवढ्यात कंप्युटरवर टिंग वाजलं. ऑर्डर!

आम्ही तिघं धावलो. नाव, टेस्ट टेस्ट. पत्ता हैदराबादच्या त्याच कंपनीचा. एक कंदील. मी हिरमुसून सांगितलं, "बाई, ही खरी ऑर्डर नाही. व्यंकटनं मशीन चालते का बघायला टाकली. नाव खोटं, कार्ड खोटं. पैसे येणार नाहीत."

"कंदील मांगितला का नाई?"

"मागितला, पण खोटा."

"पत्ता?"

"पत्ता खरा आहे."

बाई उभ्या राहिल्या. पिशवीतून नमुन्याचा कंदील काढला, सगळ्यात नाजूक विणीचा.

"मास्तर, हे आपल्या दुकानाची बोहनी होय. दुकान उघडल्यावर पयलं गिऱ्हाईक दारातून वापस नाई पाठवत. त्याच्याजवळ पैसे असो का नसो. मांगितलं त्यानं, द्याचं आपन."

मी दिवाकरभाऊंकडे पाहिलं. वाटलं, स्टोअरकीपर माणूस, पैशाशिवाय माल हलू देणार नाही. भाऊंनी केव्हाच खोकं आणि सुतळी काढली होती! खोक्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'श्री. टेस्ट टेस्ट यांस सप्रेम.' आणि रजिस्टर पार्सल करून आले. मी कपाळावर हात मारून घेतला.

पार्सल पोचलं त्या दिवशी व्यंकटचा फोन आला.  मागे खूप लोकांचा गलका ऐकू येत होता. तो म्हणाला, "सर... आप लोगों ने सच में भेज दिया?"

मी म्हटलं, "हमारे यहाँ ऐसाही करते हैं." दुसरं काय सांगणार!

"बड़े साहब ने खुद खोला सर. पूछ रहे थे, पावती का क्या हुआ. मैंने कहा, पावती आपके हाथ में है."

दुसऱ्या दिवशी गल्ला सुरू झाला. दिवाकरभाऊंनी स्क्रीनला हळद-कुंकू लावलं, ते पुसायला मला वेळ लागला. बाईंना निरोप धाडला. त्या गावातल्या चार बायकांना घेऊन मिळेल त्या गाडीनं आल्या. सगळ्या क्लासच्या बाकांवर रांगेनं बसल्या आणि कंप्युटरकडे बघत राहिल्या. लाइट जाऊ नये म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते.

टिंग!

मी वाचायला लागलो आणि नावावरच अडकलो. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. भाऊंनी मला बाजूला सारलं आणि स्वतः मोठ्यानं वाचलं. नाव, टेस्ट टेस्ट. पत्ता तोच. कंदील, ऑफिसातल्या झाडून सगळ्या माणसांना एकेक. खाली निरोपाच्या चौकटीत एकच ओळ होती, 'इस बार कार्ड असली है.'

बायकांमध्ये एकच गलका झाला. सिंधूबाई पुढं आल्या. बोहनीचा पैसा कपाळाला लावायचा असतो, पण इथं हातात तर काहीच आलं नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरचा माउस वायरसकट उचलला आणि दोन्ही हातांनी कपाळाला लावला. मग बाकीच्या चौघींनी लावला. मग भाऊंनीही.

माउस जागेवर ठेवून बाई मला म्हणाल्या, "मास्तर, त्याले लिहून धाडा. आता तू घरचा झाला बाबू, पुढल्या वेळी खरं नाव सांगाले लाजू नको!"