एक लांब, एक आखूड

आमच्या चित्रवर्गात कुणाला वय विचारायचं नाही असा नियम आहे. हे गृहस्थ पहिल्या दिवशी आले आणि त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. "वय त्रेसष्ट. पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. हात फार कडक झालाय. आठ आठवड्यांत सैल करून हवाय." नळ दुरुस्तीला टाकावा तसा त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. खालच्या लाँड्रीतल्या इस्त्र्यांनी आमची फरशी तापली होती, खडूचा डबा कुणीतरी सांडून ठेवला होता आणि माझा स्वभाव एरवीही काही गोड नाही. मी त्यांच्यासमोर एक जुना बूट ठेवला आणि म्हटलं, काढा.

तासाभराने बघते तर कागदावर तीन बूट. एक समोरून, एक बाजूने, एक वरून. तिन्हींच्याही मधून तुटक रेघ गेलेली, कडेला बाण काढून मापं लिहिलेली. बाहेरून न दिसणारी आतली शिवणसुद्धा त्यांनी ठिपक्याठिपक्यांनी दाखवली होती. तो कागद बूट शिवणाऱ्याला दिला असता तर त्याने दुसऱ्या दिवशी जोड तयार करून दिला असता. पण तो बूट घालून कुणी कधी चाललं असेल असं काही वाटत नव्हतं. वर्गातल्या निवृत्त नर्सबाईंनी त्याच दिवशी त्यांचं नाव 'अर्धा मिलिमीटर' ठेवलं. त्यांना ते आवडलं. त्याहून मोठी चूक त्यांच्या हातून कारखान्यात कधी झाली नव्हती म्हणे.

मी आधी खोडरबर काढून घेतला. मग पट्टी. मग कळलं की खिशात दुसरी पट्टी आहे, तीही घेतली. भिंतीवर जुनी वर्तमानपत्रं लावली आणि मनगट न हलवता, खांद्यापासून हात फिरवत मोठमोठे गोल काढायला लावले. त्यांचे गोल असे यायचे की कंपास लाजावा. डाव्या हाताने काढायला सांगितलं, तर दोन आठवड्यांत डावा हातही सुधारला आणि उजव्यासारखाच कडक झाला. तीस सेकंदांत माणूस काढा म्हटलं, तर घड्याळ लावून बसले आणि तिसाव्या सेकंदाला पेन्सिल जिथे होती तिथून उचलली. कागदावरचा माणूस गुडघ्यापाशी संपला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभ अजून पेटलाही नव्हता.

पण ते एकही शनिवार चुकवत नव्हते. उगाच वेळ घालवायला येणारे लोक मला ओळखू येतात. ते आल्याआल्या खुर्च्या हलवतात, चहाचं विचारतात. हे सरळ भिंतीपाशी जायचे. चौथ्या शनिवारी मी म्हटलं, "ताकाला आलात, तर भांडं कशाला लपवता? काढायचंय काय तुम्हाला?"

त्यांनी पेन्सिलीचं टोक बघितलं, ते ठीकच होतं. मग म्हणाले, "बायकोची चाल."

त्यांच्या पत्नी जन्मापासून लंगडतात. खुब्याचा सांधा जागेवर नव्हता, एक पाय आखूड राहिला. तशाच त्या शिकल्या, वाचनालयात तीस वर्षं नोकरी केली, मुलगी वाढवली. आता सांधा फारच दुखायला लागला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, आणि नंतर दोन्ही पाय सारखे होतील असंही सांगितलं होतं.

"चांगलंच आहे हो," ते म्हणाले. "दुखणं जाईल. पण ती घरी यायच्या आधी तिची पावलं येतात, मॅडम. एक लांब, एक आखूड. चाळीस वर्षं ऐकतोय. ती चाल आता जाणार. मला ती ठेवायची आहे."

"मोबाईलवर घ्या की."

"फोन दिसला की ती चालायचंच थांबते. सरळ उभी राहते आणि म्हणते, झालं?"

माझा जीव हलला, ते खरं. पण जीव हलला की माझी जीभ जास्तच तिखट होते, हा माझा जुना रोग. मी वही पुढे केली आणि म्हटलं, दाखवा कशी चालतात. ते पाच मिनिटं कोऱ्या कागदाकडे बघत बसले. कुठला खांदा खाली जातो? आठवेना. पिशवी कुठल्या हातात असते? सांगता येईना.

"रस्त्यात मी पुढे असतो," ते म्हणाले. "ती मागून येते."

"मग चाळीस वर्षांत तुम्ही तिला चालताना बघितलंच नाही. हात सैल करून काय उपयोग? डोळे कुठे होते?"

वर्गात सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्यांनी पेन्सिल पेटीत ठेवली, पेटी पिशवीत ठेवली, नमस्कार केला आणि गेले. पुढच्या शनिवारी आले नाहीत. नर्सबाई मला म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं, पण बोलायची काही रीत असते." मला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. फोन करावा म्हणून दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला.

त्याच्या पुढच्या शनिवारी ते आले ते तळहाताएवढी वही घेऊन. "पंधरा दिवस मागून चालतोय," म्हणाले. "तिला सांगितलंय, गुडघा दुखतोय. तुम्ही तो प्रकार शिकवला होता ना, कागदाकडे बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही, तसंच करतो. कागदाकडे बघायला गेलो तर ती पुढे निघून जाते."

वही उघडली. पहिली पानं म्हणजे नुसता गुंता. एका पानावर पाय डोक्याच्या वर गेले होते. एका पानावर रेघ कागद सोडून बाहेर गेली होती, तिथे म्हणे ते खांबाला आपटले. पण दहाव्या-बाराव्या पानापासून काहीतरी व्हायला लागलं होतं. डावा खांदा खाली यायचा, पिशवी उजवीकडे झुलायची, मान मात्र ताठ. पुढे रेघा कमी होत गेल्या. शेवटच्या पानावर सहाच रेघा होत्या, त्यातली एक थरथरलेली, आणि त्या सहा रेघांत एक बाई चालली होती. मी बावीस वर्षं शिकवते आहे. मला ते पान बघून हेवा वाटला, आणि मग इतका आनंद झाला की काही बोलताच येईना. नर्सबाईंनी बोलून घेतलं माझ्या वाटचं.

ऑपरेशन मंगळवारी होतं. आदल्या शनिवारी वर्ग संपत आला असताना जिन्यावर पावलं वाजली. एक लांब, एक आखूड, मध्ये दम खायला थांबणं. त्यांनी मान वर केली आणि चेहराच उतरला.

त्या दारात उभ्या राहिल्या. उंच, पांढरे केस, चष्मा दोरीला अडकवलेला. "गुडघा दुखतो म्हणून मागे चालतात," त्या मला म्हणाल्या, "आणि जिने चढून इथे येतात. वहीत काय लिहितात माझ्याबद्दल?"

त्यांनी वही दिली. बाईंनी चष्मा लावला, खुर्चीवर टेकल्या आणि पहिल्यापासून एकेक पान बघत गेल्या. आम्ही बाकीचे ब्रश धुवायला लागलो, धुतलेलेच.

"खांदा इतका खाली येतो माझा?"

"येतो."

"मोजलात?"

"नाही. बघितला."

त्या शेवटच्या पानावर बराच वेळ थांबल्या. मग वही न मिटता म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्हाला माझ्याबरोबर चालायची लाज वाटते."

मला वाटलं, आता ते नाही म्हणतील. कुणीही नाही म्हणालं असतं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "सुरुवातीला वाटायची," म्हणाले. "मग ती गेली, पण पुढे चालायची सवय राहिली. मी कधी ती बदलली नाही."

बाईंनी चष्मा काढला. "माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर कधी थांबा म्हटलं नाही." मग वही मिटून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि मला म्हणाल्या, "ही माझ्याकडे राहील. मी कशी चालते ते मलाही आजच कळलं."

दोघं निघाले. मी खडू गोळा करत होते. जिन्यावर आधी त्यांची पावलं गेली, भराभर, रोजच्यासारखी. त्यांच्या मागे बाईंची सुरू झाली, सावकाश. मग मधल्या वळणावरून बाईंचा आवाज आला, मोठा आणि स्पष्ट. "अहो, थांबा."

खालची पावलं थांबली. मग एकेक पायरी वर यायला लागली.