उणे अठरा अंशांतली पँगाँगची तालीम

गेल्या सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी, दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या फ्रोजन मटारच्या गोदामात, मी, माझी बायको मेधा आणि माझी आई उणे अठरा अंशांत अडकलो. (अडकलो, हा माझा त्या वेळचा दावा.) बाहेर बेचाळीस होतं.

कारण पँगाँग. लडाखमधलं हे तळं चौदा हजार फुटांवर आहे. साधारण एक तृतीयांश आपल्याकडे, उरलेलं चीनच्या ताब्यात. पाणी खारट, तरी हिवाळ्यात गोठतं. ऑक्टोबरात आम्ही दोघं तिथे जाणार होतो आणि एकाहत्तर वर्षांची आई म्हणत होती, मीही येणार. तिला थंडी झेपणार नाही, असं माझं मत होतं. ते तिला पटेना. म्हणून तालीम.

गोदामाचे मॅनेजर, रत्नागिरीचे अश्फाकभाई, माझे जुने मित्र. "उभे राहा आत, मी चाय सांगून येतो," म्हणाले आणि दार लावून गेले.

आईच्या अंगावर स्वेटर आणि शाल. माझ्या अंगावर टी-शर्ट (तालीम तिची होती).

"मटार चांगला दिसतोय," आई म्हणाली. "किरकोळ देतात का रे?"

"आई, तळ्याकडे लक्ष दे." मी माहिती सुरू केली. पट्टकादंब, म्हणजे हिमालय ओलांडून येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंसासारखा पक्षी. रानगाढवांचे कळप. बिळाच्या तोंडाशी उभे राहणारे गुबगुबीत मार्मोट. "यातलं काहीही दिसलं की दगडासारखं उभं राहायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. करून बघू."

तिघं दगडासारखे उभे राहिलो.

दिवे गेले.

काळोखात पंख्यांची घरघर तेवढी उरली. माझा निष्कर्ष असा: वीज गेली, दार विजेवर चालतं, आता थेट उद्या सकाळी कोणीतरी येणार. (पंखे चालू होते, म्हणजे वीज होती. हे सुचलं नाही.) पायाची बोटं जाणवेनाशी झाली. भीतीने मला जागचं हलता येईना. आवाज मात्र निघाला.

"अश्फाकभाई! कोई है? हेल्प!"

"बोलायचं नाही म्हणालास ना?" मेधा कुजबुजली.

"मेधा, आपण मरणार आहोत."

"मला शिंक येतेय," आई म्हणाली आणि तिने शाल नाकाला लावली.

दिवे आले.

"हललं की लागतात वाटतं," आई म्हणाली.

मी दाराकडे धावलो आणि मूठ ओढली. दार उघडेना. दोन्ही हातांनी ओढली. पुन्हा ओरडलो.

"पुश लिहिलंय," मेधा म्हणाली आणि माझ्या खांद्यावरून हात घालून तिने दार ढकललं.

बाहेर अश्फाकभाई उभे होते. "काय हो, इतक्यात? चाय उकळत पन नाय अजून."

आई शाल सावरत बाहेर आली. "याला नको न्यायला," ती मेधाला म्हणाली. "थंडीत ओरडतो. पाखरं उडून जातील."

ऑक्टोबरात दोघी गेल्या. मेधाने पाठवलेल्या फोटोत निळं पाणी आहे, काठावर पट्टकादंब आहेत आणि त्यांच्या अलीकडे शाल पांघरलेली आई दगडासारखी उभी आहे. फोटो मी दोह्यात, घरी पाहिला. एसी बंद होता.