चिखलवाल्यांची एक जीत

इलोइलो शहराच्या हारो भागात तिर्सो गुम्बान कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, तो मेणात एकेक दात बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि पुडक्यावर नाव लिहून पाठवून द्यायचा. ते दात ज्यांच्या तोंडात जायचे, ती तोंडं त्याने क्वचितच पाहिली. आईवडील गेले होते. दोन बहिणी परदेशात. ख्रिसमसच्या आधी त्यांची खोकी यायची, साबण, चॉकलेटं, बुटांचे जोड. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. त्याच्याबद्दल कोणाला विचारलं तर 'माणूस चांगला आहे' यापुढे काही आठवायचं नाही.

मेलेसियो सरांची गाठ पडली तीही कवळीमुळेच. पोहोचवणारा माणूस आजारी होता म्हणून तिर्सो स्वतः पुडकं घेऊन सरांच्या घरी गेला. मुलीने सांगितलं, गुरुवार आहे, पप्पा बेकरीच्या वरच्या पत्त्यांच्या दुकानात असतील. तिर्सो जिना चढून गेला, तर कॉलेजच्या पोरांच्या गराड्यात शाळेतून निवृत्त झालेला एक बोळका माणूस हातात पानं धरून बसला होता.

"सर, कवळी आणलीय. जरा तोंड उघडता?"

"थांब रे तोतो, माझी खेळी आहे." तिकडे वडीलधारी माणसं धाकट्याला तोतो म्हणतात. "आधी सांग, खेकडा टाकू की निवटी?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मलाही कळत नाही. म्हणून तर हरतोय."

तिर्सोने खेकडा म्हटलं. सर हरले, मग त्यांनी तोंड उघडलं. पुढच्या गुरुवारी तिर्सो परत गेला, आणि मग अकरा वर्षं जात राहिला.

खेळाचं नाव 'सात बेटं'. प्रत्येकाने आपल्या पन्नास पानांचा डेक बांधून आणायचा आणि समोरच्यावर हल्ले करून त्याला लोळवायचं. उचलायला पान उरलं नाही तरी माणूस हरतो, पण तिथवर सहसा कोणी पोहोचायचं नाही. खेळात सात कुळं होती. आगीचं, वादळाचं, पोलादाचं, अशा जबर कुळांवर सगळ्यांच्या उड्या. खारफुटीचं कुळ मात्र सगळ्यांत दुबळं: खेकडे, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, शिंपले, मुळं. सरांनी तेच धरलं होतं. तीस वर्षं त्यांनी शाळेतल्या पोरांना खाडीच्या चिखलात गुडघाभर उभं करून खारफुटीची रोपं लावून घेतली होती. "आता म्हातारपणी आगीची बाजू घेऊ काय?" असं ते विचारायचे. त्यांच्यामुळे तिर्सोने खारफुटी धरली, मग आणखी तिघाचौघांनी. खिडकीजवळच्या त्यांच्या टेबलाला दुकानात चिखलवाले म्हणत. दुकानाची मालकीण देल्मा सामने लावताना सरळ विचारायची, "आज चिखल कोणाच्या वाट्याला देऊ? हा पोरगा नवा आहे बिचारा, त्याला एक तरी जिंकू दे."

सरांच्या किडन्या गेल्या तेव्हा बुधवार आणि शनिवार डायलिसिसचे ठरले. बुधवार संपला की गुरुवारी अंगात थोडी धुगधुगी असायची. तेवढ्या धुगधुगीवर ते जिना चढून यायचे, डाव्या हाताला पट्टी, पानं उजव्या हातात.

अशाच एका गुरुवारी तिर्सोच्या हाती इतकी भिकार पानं आली की सलग पाच खेळ्या त्याला हल्ला करताच आला नाही. त्याच्यासमोर 'जुनं मूळ' नावाचं एक पान पडलं होतं. ज्या खेळीत तुम्ही हल्ला करत नाही, त्या खेळीत मेलेले दोन लहान जीव ते परत उठवतं. ते पान फुकट दिलं तरी कोणी घेत नसे. हल्ला न करता कोण जिंकलंय? पण तिर्सोने पाहिलं, समोरचा मारतोय, इकडचे खेकडे मरतायत, उठतायत, परत मरतायत, आणि मारायला नवी पानं उचलता उचलता समोरच्याचा डेक पातळ होत चाललाय. तो डाव तिर्सो हरला, पण घरी जाईपर्यंत त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

डेक बांधायला चार महिने लागले. देल्माकडून बाकी कुळांचे डेक उसने घेऊन सर त्याच्याविरुद्ध खेळत. एक पान काढायचं, एक घालायचं, दहा डाव खेळायचे, वहीत लिहायचं. शेवटी एकाच पानावर गाडी अडली. खारफुटीत एकच तगडा जीव होता, मगर, आणि तो सरांचा जीव की प्राण.

"मगर काढायला हवी सर."

"मगरीला हात लावायचा नाही."

"आपल्याला हल्लाच करायचा नाही. मगर तिथे बसून काय करणार?"

"शोभा," सर म्हणाले. मग त्यांनीच मगरीचं पान काढून शर्टच्या खिशात ठेवलं. "घाल तिथे आणखी एक मूळ."

त्यानंतर डेक जिंकू लागला. दहातले सात, कधी आठ डाव. बाकीच्या चिखलवाल्यांनीही तसेच डेक बांधले, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलावर बसणारा माणूस दुकानात मान वर करून चालू लागला. तेव्हा तिर्सोने बाकोलोदच्या विभागीय स्पर्धेत नाव घातलं.

सरांना ते आवडलं नाही. "जिंकलास तर तुझ्या पन्नास पानांची यादी जाहीर होते, ठाऊक आहे ना? मग हे आपलं राहत नाही तोतो. इथे जिंकतोय तेवढं पुरे की."

"मी जन्मात काही जिंकलेलो नाही सर. एकदा तरी."

सरांनी वही मिटली. जाण्याच्या दिवशी सकाळी मात्र त्यांच्या मुलीने बोटीच्या धक्क्यावर येऊन डबा दिला. भात, वाळलेला मासा, आणि चिठ्ठी, 'घाई करू नकोस.'

तिर्सोने घाई केली नाही. एकशे अठ्ठावीस खेळाडूंत तो शेवटच्या सामन्यापर्यंत गेला. समोर सेबूचा एक तरबेज पोरगा होता, आगीचा डेक. तो चाळीस मिनिटं मारत राहिला, तिर्सोचे खेकडे मरत-उठत राहिले, आणि शेवटी त्या पोराने उचलायला हात पुढे केला तर त्याच्या बाजूला पानच नव्हतं. पोरगा हसला नाही, चिडलाही नाही. "मी खेळलोच नाही," तो म्हणाला. "नुसता बसून होतो." तिर्सोला ते कौतुक वाटलं. चषक धरलेल्या फोटोत तो इतका खुश दिसतो की ओळखू येत नाही.

गुरुवारी देल्माने स्वतःच्या हाताने बिबिंगका, तांदळाचा गोड केक, आणून चिखलवाल्यांच्या टेबलावर ठेवली. सरांनी चषकावरचं नाव दोनदा वाचलं.

मग यादी पसरली. तीन आठवड्यांत मनिलापासून दावाओपर्यंत लोक तिर्सोचा डेक खेळू लागले, चकचकीत महागड्या पानांत, त्याच्याहून सफाईने. हारोतल्या दुकानातही कधी न दिसलेली माणसं आली आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसली. दोन्हीकडे खारफुटी आली की कोणीच हल्ला करायचं नाही. वेळ संपेपर्यंत दोघं एकमेकांची तोंडं बघत बसायचे. भांडणं होऊ लागली. नेहमीची पोरं येईनाशी झाली.

"मानोंग तिर्सो," मोठ्या भावाला मारावी तशी हाक मारत देल्मा एकदा त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "लोक म्हणतात खेळ मेला. मी काय सांगू त्यांना?"

दोन महिन्यांनी खेळाच्या कंपनीचं पत्रक आलं. 'जुनं मूळ' खेळाची रंगत घालवतं, सबब ते पुढल्या महिन्यापासून स्पर्धेत आणि नोंदणीकृत दुकानांत चालणार नाही. सोबत खारफुटीची आणखी दोन पानंही बाद. खालच्या ओळीत होतं की बाकोलोदच्या विजेत्या डेकनंतर हा निर्णय अटळ झाला.

तिर्सो आणि सर एका गुरुवारी उरलेली पानं घेऊन बसले. काही जमतं का पाहिलं. पन्नासपैकी एकतीसपर्यंत पानं जमली, पुढे काही सुचेना. खेळता यावं असं काही उरलंच नव्हतं. जुन्या दिवसांसारखं हरता यावं, एवढंही नाही, कारण ती तीन पानं जुन्या डेकांतही होती. बाकीचे चिखलवाले एकेक करून दुसऱ्या कुळांत गेले. त्यांतल्या एकाने जाताना तिर्सोकडे न बघता म्हटलं, "फोटो छान आलाय तुझा."

सर त्या गुरुवारनंतर आले नाहीत. तिर्सो तीन आठवडे वाट बघून त्यांच्या घरी गेला. सर बाकड्यावर पाय वर घेऊन बसले होते, पाय सुजलेले. तिर्सोने जुने डेक काढले, तो म्हणाला, घरात कोण विचारतंय, आपण आपली सगळी पानं खेळू. सरांनी पानं पिसली. पाचव्या खेळीला त्यांनी 'जुनं मूळ' टाकलं आणि थांबले. तिर्सोच्या हातात मारायचं पान होतं आणि त्याने ते टाकलं नाही. हातातली पानं जरा कलली आणि ते सरांना दिसलं.

"तू मला जिंकू देतोयस."

"नाही सर."

"खोटं बोलू नकोस. हे पान मेलंय, तुलाही ठाऊक आहे, मलाही. कीव करायला आलास?" त्यांनी पानं गोळा करून त्याच्याकडे सरकवली. "बुधवारी सुया टोचून घ्यायचो, कारण पुढे गुरुवार होता. तुला सांगितलं होतं मी, हे आपलं राहणार नाही."

तिर्सोला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याने माफी मागितली. सर म्हणाले, "तू जिंकलास हे बरंच झालं," आणि पाय खाली घेऊन मुलीला पाणी मागितलं. 'तुला सांगितलं होतं' आणि 'बरंच झालं' यांतलं कोणतं खरं, हे तिर्सोला कधीच कळलं नाही.

नोव्हेंबरात सरांनी डायलिसिसला जायचं बंद केलं. मुलीने विनवण्या केल्या, पाद्री येऊन बोलून गेले. ते शांतपणे नाही म्हणत राहिले. कारण कोणाला सांगितलं नाही. अकरा दिवसांत गेले. मयताजवळच्या सात रात्रींच्या जागरणाला तिर्सो रोज गेला, कॉफी वाटली, खुर्च्या लावल्या. तिथे रिवाजाप्रमाणे लोक पत्ते खेळत होते, साधे, बावन्नचे. त्यालाही बोलावलं, तो बसला नाही. मुलीने त्याच्याशी कधी वाकडा शब्द काढला नाही. तिला काही माहीत होतं की नाही, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

आता गुरुवारी तो जादा काम घेतो. परवा जीपनीत, तिकडच्या लहान बसमध्ये, शेजारी बसलेल्या एका पोराने त्याच्याकडे दोन-तीनदा निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाकोलोदला जिंकलेले ते तुम्हीच ना? खारफुटीवाले?"

"नाही," तिर्सो म्हणाला. "तुमची काहीतरी चूक होतेय." आणि त्याचा थांबा यायला अजून वेळ होता, तरी तो उतरला.