नाव न पुकारलेला वाटा

नागपूरहून तुमसरची गाडी सकाळी सहाला सुटते असं बोर्डावर लिहिलेलं आहे. ती पावणेसातला सुटली, आणि तोवर माझी पाण्याची अर्धी बाटली संपली होती. वैशाखाचे दिवस. आभाळ पांढुरकं, सूर्य दिसत नाही पण अंग भाजतंय, असली ती सकाळ. भंडारा मागे पडलं तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची रिकामी बांधी (बांधबंदिस्तीचं शेत) सुरू झाली. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. माझ्या शेजारची बाई कोंबडीची पिशवी मांडीवर घेऊन झोपली होती, आणि कोंबडी माझ्याकडे बघत होती.

मी सत्तावन्न वर्षांची आहे आणि सीताबर्डीत माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. खाजगी तपास करते. पिक्चरमध्ये दाखवतात तसलं त्यात काही नसतं. बहुतेक काम लग्नाआधीच्या चौकशांचं. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का. लोकांच्या घरातली झाकलेली भांडी उघडून बघायची आणि आत काय आहे ते तिसऱ्याला सांगायचं, असा हा धंदा. त्यात मान नाही, पण गावं बघायला मिळतात.

या वेळचं काम वेगळं होतं. सुनीता नावाची बाई भिलाईहून आली होती. वय एकेचाळीस, तिथल्या हिंदी शाळेत शिक्षिका. तिला आत्याने वाढवलं. लहानपणापासून एकच सांगितलेलं: बाप गावच्या तलावात बुडून मेला, आणि त्या दुःखात आईनेही त्याच तलावात उडी घेतली. आत्या या हिवाळ्यात वारली. जाण्याआधी म्हणाली, "तुझी आई मेली नव्हती. मीच तिला तुझ्यापुरती मारून टाकली." गाव कुठलं, ते सांगायच्या आत तिची वाचा गेली.

"जिवंत असेल तर मला एकदा तिच्यासमोर बसायचं आहे, मॅडम," सुनीता म्हणाली. "मला का देऊन टाकलं, एवढंच विचारायचं आहे."

तिच्याजवळ धागे तीनच होते. आईचं नाव शेवंता. आत्याचं, कौसल्याचं, सासर सिहोऱ्याचं. आणि लहानपणाच्या दोन आठवणी. एक, तलावावरून दिसणारा डोंगर आणि त्यावर पडकी भिंत. दुसरी, आई तिला घेऊन पाण्यात बसली आहे आणि तिचे हात धुते आहे, पुन्हा पुन्हा, कितीतरी वेळ. ही दुसरी आठवण सांगताना तिचा चेहरा उजळला होता. "किती जीव असेल तिचा माझ्यावर," असं म्हणाली.

तुमसरला उतरून स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले आणि सिहोऱ्याची जीप पकडली. आत नऊ माणसं आणि एक सायकल. सिहोरा गाव मोठं, धानाचं. आत्याची म्हातारी जाऊ सापडायला अर्धा तासही लागला नाही. कौसल्याच्या माहेराचं विचारलं तर आधी तिने मला लिंबाचं सरबत दिलं, मग म्हणाली, "आंबागडाच्या खालतं आहे तिचं माहेर. भाऊ बुडाला जी तिचा, भावजय बी बुडाली." मी भावजयीचं विचारलंही नव्हतं. न विचारलेलं उत्तर आलं की माझे कान उभे राहतात, ही धंद्याची सवय.

दुसऱ्या दिवशी आंबागडच्या वाटेला लागले. डोंगर दिसला, डोंगरावर किल्ल्याची पडकी भिंत दिसली, आणि मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तेंदूपत्त्याचे पुडे उन्हात ओळीने वाळत पडले होते, जंगल पार करपलेलं, आणि दूरवर कुठेतरी एक होला एकसारखा घुमत होता. गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. असा तलाव असलेली दहा गावं त्या बाजूला आहेत, त्यातलं एक समजा.

गावात मी लग्नाची चौकशी करायला आलेली बाई झाले. हे सोंग कधी फसत नाही. लोक खाट टाकतात, पाणी देतात आणि शेजाऱ्याबद्दल भरभरून बोलतात. तीन घरी बसले आणि बोलता बोलता शेवंताचं नाव काढलं.

पहिल्या घरी: "शेवंता? मेली जी. तलावात."

दुसऱ्या घरी: "शेवंता? मेली जी. तलावात."

तिसऱ्या घरी एक तरुण सून होती, ती मुळात लग्न होऊन आलीच दहा वर्षांपूर्वी. तीही तेच म्हणाली, त्याच तीन शब्दांत. खरी घडलेली गोष्ट तीन माणसं तीन तऱ्हांनी सांगतात. कुणी तारीख चुकवतो, कुणी रडतो, कुणी स्वतःला मध्ये घुसवतो. सगळे सारखंच बोलायला लागले की समजावं, हे कधीतरी बसून ठरवलेलं आहे. पण अख्खं गाव एका तोंडाने बोलत असेल तर मी एकटी काय करणार? दुपारच्या गाडीने परत निघायचं ठरवलं.

गाडी आली नाही. म्हणजे आली असेल, पण मी तलावावर होते, कारण सगळं गाव तिकडे चाललं होतं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की वर्षातून एक दिवस सगळ्यांनी मिळून मासळी काढायची, अशी तिथली रीत. गुडघाभर चिखलात बाया-माणसं जाळी आणि टोपल्या घेऊन उतरली होती. मी बघायला पुढे गेले आणि एक चप्पल चिखलात कायमची सोडून आले. त्यावर चार बाया हसल्या. त्या गावात ऐकलेलं ते एकच हसू.

मासळी पाळीवर (तलावाच्या बांधावर) आणली. मरळ, झिंगे, बारीकसारीक. मग पळसाच्या पानांवर ढीग घालायला सुरुवात झाली. चुलीमागे एक वाटा. घरात माणसं दोन असोत की दहा, वेगळी चूल पेटते तिथे एक वाटा. सोमाजी नावाचे एक वाळलेले म्हातारे गृहस्थ एकेकाचं नाव पुकारत होते आणि माणसं आपापला ढीग उचलत होती. पाळ रिकामी होत गेली. शेवटी एक ढीग उरला. त्याचं नाव सोमाजींनी पुकारलं नाही. टोपली झटकली आणि ते बिडी काढून बसले.

"हा वाटा कोनाचा जी?" मी विचारलं.

"चुलीचा."

"कोनत्या चुलीचा? साऱ्यायनं तर नेला."

सोमाजींनी न पेटवलेली बिडी कानावर खोचली. मग म्हणाले, "बाई, तोंडानं मानूस काही बी बोलते. पन पेटत्या चुलीचा वाटा ठेवला नाही तर पुढच्या साली कोन्या तोंडानं तलावात उतरावं?"

सगळ्या गावाने माझ्याशी न अडखळता खोटं बोलून दाखवलं होतं. मासळीच्या एका ढिगात मात्र त्यांना खोटं करता आलं नाही. मी पळसाच्या सावलीत बसून राहिले. पाळ पूर्ण रिकामी झाल्यावर तुडुमाच्या (तलावाचं पाणी सोडायच्या दाराच्या) पलीकडून एक बारीक, पांढऱ्या केसांची बाई आली आणि तिने ढीग पदरात घेतला.

तिच्यामागे मी तिच्या घरापर्यंत गेले, एका पायात चप्पल घालून. एक खोली, पुढे सारवलेलं अंगण, कोपऱ्यात चूल. मी म्हटलं, "मले सुनीतानं पाठवलं."

ती पावशीवर (विळीवर) मासळी साफ करायला बसली होती. तिने मान वर केली नाही. "जिती आहे ना ते?"

"आहे. भिलाईले मास्तरीन आहे. दोन पोरं आहेत."

"बसा जी," ती म्हणाली. "जेवून जा."

तिने झिंग्यांचा रस्सा आणि भात केला. वर सांबार (कोथिंबीर) घातला. मी आयुष्यात खाल्लेल्या चांगल्या जेवणांपैकी ते एक होतं, पण माझं लक्ष चवीकडे राहिलं नाही, कारण वाढता वाढता ती सांगत होती. नवरा दारूत मारायचा. कापणीच्या दिवसांत एकदा तलावावर त्याने हात उचलला आणि तिने इळा (विळा) चालवला. तो पाण्यात पडला. गाव बैठकीला बसलं. तो कसा होता ते गावाला ठाऊक होतं, म्हणून पोलिसात कुणी गेलं नाही. पिऊन बुडाला असं सांगायचं ठरलं. नणंद कौसल्या म्हणाली, पोरीला मी वाढवते, पण माझ्या भावाला मारणारी बाई तिच्यासाठी मेलेलीच पाहिजे. शेवंताने ते कबूल केलं. तेव्हापासून ती तुडुमापलीकडे राहते. हे सगळं तिने पाढे म्हणावेत तसं सांगितलं.

माझं काम झालं होतं. बाई जिवंत आहे, का दिलं तेही कळलं. उठता उठता, तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "तिले तुमची आठवन आहे. तुमी पान्यात बसून तिचे हात धूत होत्या, ते आठवते."

तिच्या हातातलं ताट खाली आलं. "आनखी काय आठवते तिले?"

"डोंगर."

"आनखी?"

"बस, एवढंच."

"पक्कं? बाप आठवते? इळा आठवते?"

एवढा वेळ ती खुनाचं सांगत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आता होती. मी परत खाली बसले.

"शेवंताबाई," मी म्हटलं, "इळा तुमी चालवला, तर हात पोरीचे काहून धुतले?"

ती रडली नाही. चुलीतलं लाकूड मागे ओढून तिने आग कमी केली आणि मग खरं सांगितलं. नवऱ्याने तिचे केस धरून तोंड पाण्यात दाबलं होतं. इळा तिने आधीच पोरीच्या हातात धरायला दिला होता. सहा वर्षांची पोर धावत आली आणि बापाच्या मानेवर तिने तो मारला. तो झोकांडी खाऊन तुडुमाजवळच्या खोल पाण्यात गेला. "तिनं मले वाचवलं जी. मी तिचे हात धुतले, अन् गावाले सांगितलं, मी मारलं. चार दिस पोरगी तापली. ताप उतरला तं तिले काहीच ठावं नव्हतं. म्या म्हटलं, पुसलं गेलं, तं पुसलेलंच राहू दे."

नणंदेला तिने हे कधी सांगितलं नाही. गावालाही नाही. पस्तीस वर्षं.

सहा वर्षांच्या लेकराला कुठलाही कायदा गुन्हेगार धरत नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "कायदा नाही धरत जी. मन धरते." मग माझे दोन्ही हात धरले. "तिले सांगा, मायनं मारलं. मंग ते येनार नाही. इथं आली, ही पाळ पाहिली, तं सारं आठवेल तिले."

"तुमाले पाहाचं नाही तिले?"

"मले तं रोज पाहाचं आहे," ती म्हणाली.

उरलेली चप्पल तिथेच टाकून संध्याकाळच्या जीपने मी अनवाणी तुमसरला आले. परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर बघवलं नाही.

सुनीता चार दिवसांनी ऑफिसात आली. मी तिला आईने सांगितलं तसं सांगितलं. आई जिवंत आहे. बाप तिला बुडवून मारत होता, तिने इळा चालवला. तुला भेटायची तिची इच्छा नाही. शेवटचं वाक्य बोलताना मी फाईल चाळत होते. तीस वर्षांत गिऱ्हाइकाला मी पहिल्यांदा खोटं सांगितलं, आणि ते चांगलं जमलं, याची मला लाज वाटली.

तिने पर्समधून रुमाल काढला. मग म्हणाली, "आणि ते हात धुणं?"

"चिखल होता. बांधीत खेळून आली होतीस."

"इतका वेळ?"

"खूप चिखल होता," मी म्हटलं.

सुनीता मराठी बोलते, पण वाचते ते हिंदीच, मराठी पुस्तकाच्या वाटेला जात नाही. म्हणून मी हे मराठीत लिहिलं. तरी नावं बदलली आहेत, आणि तरीही धाकधूक आहे. कुणाजवळ तरी हे ठेवायला हवं होतं. मी पोटात ठेवून पाहिलं, राहत नाही. शेवंताबाईच्या पोटात ते कसं राहिलं असेल, ते तिलाच ठाऊक.

जाताना सुनीता दारात थांबली. डोळे पुसून, शाळेतल्या बाईसारखी ताठ उभी राहून म्हणाली, "तुम्ही परत कधी तिकडे गेलात तर एक निरोप द्याल? तिला सांगा, तिने जे केलं त्याबद्दल मी तिला माफ केलं."

मी हो म्हटलं. पुढच्या वैशाखात तलाव आटला की तो निरोप घेऊन मला जायचं आहे.