खिंडीतलं माहेर

मला दोनच नाद आहेत, डोंगर चढायचे आणि माणसांना बोलतं करायचं. रविवार उजाडला की मी पाटोद्याच्या जीपमध्ये बसते, एखाद्या डोंगराच्या पायथ्याला उतरते आणि म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या पायवाटांच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून घेते. कॉलेजातले सहकारी म्हणतात, बाईंना घरी काम नाही. खरंच नाही.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर अशीच एका मावशींच्या अंगणात जाऊन बसले. गुडघे धरलेले, जीभ मात्र तरणीताठी. खिंडीच्या वाटेचं विचारलं, तर त्या गाठोडं उचलून उभ्याच राहिल्या. "बसून कावून इचारता? मी तिकडंच निघाले हाय. वाटंचं वाटंवर सांगते."

त्यांची धाकटी बहीण खिंडीपलीकडच्या गावात दिलेली. आई गेली, माहेर तुटलं, तेव्हापासून दोघी दर दिवाळीआधी खिंडीत भेटतात. प्रत्येकीने घरून भाकरी बांधून आणायची आणि तिथं गाठोडी बदलायची. हिची तिने खायची, तिची हिने. झालं माहेरपण. त्या वर्षी दोन्ही घरची मुलं-सुना चार दिवसांत ऊसतोडीला निघणार होती.

"गाडी हालली की नातवंडं अन् शेरडं माज्या गळ्यात. तिचंबी तसंच. आज भेट हुकली तर पार उन्हाळ्यातच. तवर ह्ये गुडघे ऱ्हातेत का?"

"मग फोनवर बोलायचं."

"फोनातून भाकर येती का, मॅडम?"

चढण सुरू झाली. दोन्ही बाजूंना सीताफळांनी डोळे उघडले होते. मावशी दहा पावलं चालायच्या, एक फळ दाबून बघायच्या, आणि फळ बघायलाच थांबले असं दाखवत दम घ्यायच्या. त्या निमित्ताने मलाही दम खाता येत होता. वारा छान होता, मी अगदी खुशीत होते.

खिंडीत मात्र कुणीच नव्हतं. आम्ही बराच वेळ बसलो. फोनला रेंज नाही. मावशींनी पलीकडच्या उतारावर दोन हाका मारल्या, मग गाठोडं मांडीवर घेऊन खाली बघत राहिल्या. "न्हाई आली," एवढंच म्हणाल्या. मला त्या न बघितलेल्या बहिणीचा असा राग आला म्हणता!

तेवढ्यात मागून, म्हणजे मावशींच्याच गावाकडून, आरडाओरडा ऐकू आला. "आगं आक्के! कुठं मेलीस?"

काठी टेकत, घामाघूम झालेली धाकटी वर येत होती. ती सकाळीच खिंडीत पोचली होती. आक्काला चढण झेपायची नाही म्हणून गुरांच्या वाटेने खाली उतरली, थेट तिच्या घरी गेली, आणि आक्का वर गेल्याचं कळल्यावर परत चढून आली.

"तुला उतरायला कुणी सांगितलं हुतं?"

"तुज्या गुडघ्यांनी!"

"अन् तुजे काय लोखंडाचे हायेत?"

भांडण असं रंगलं की हसून हसून मी खालीच बसले. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये मुलाखत नाहीच, नुसतं हे भांडण आहे. मन उदास झालं की मी ते लावते.

मग गाठोडी बदलली गेली. थोरलीने पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले. धाकटीने मला विचारलं, "तुमचं म्हायेर कुठं?"

"केजला होतं. आई गेली मागच्या थंडीत. मग गेलेच नाही."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. थोरलीने आपल्या पुढ्यातली अर्धी मोडली, धाकटीने तिच्यातली, आणि दोन्ही अर्ध्या माझ्या हातावर ठेवून वर ठेचा घातला. "खा, पोरी." मी रडत रडत खाल्लं. ठेचा तिखट होता, म्हणून बरं.

"पर फुकट न्हाई," धाकटी दरडावून म्हणाली. "पुढल्या साली तुज्या हातची आणायची."

मी भाकरी मेसमधून आणते हे सांगितल्यावर दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळून हसल्या.

आता रविवारी सकाळी मी आधी परातीशी बसते. शेजारीण विचारते, एवढं काय थापताय? कडा फाटतात, एखादी करपते, पण परवा एक टम्म फुगली आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या. यंदा दिवाळीआधी मला माहेरी जायचंय.