मुर्रीच्या हर्षाचा मुका लॅपटॉप

हर्षा पटले ही आमच्या मुर्री गावातली, शेजारच्या भैयाजींची मुलगी. तिच्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते, पण मला ते जमेल की नाही याची खात्री नाही. नोकरीभर मी गोंदिया स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहिल्या. त्याहून लांब असे काही लिहिण्याचा प्रसंग आला नाही.

हर्षा शाळेत असतानाच तिला संध्याकाळचे दिसेनासे झाले. मग फळ्यावरचे दिसेना, मग माणसांचे चेहरे. डोळ्याच्या आतला पडदाच सुकत चालला आहे, यावर इलाज नाही, असे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी भैयाजी बसमधून उतरले ते घरी न जाता सरळ बांधीवर, धानाच्या शेतात, गेले आणि अंधार पडेपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहिले. मंदाबाई, म्हणजे हर्षाची आई, यांनी घरातली प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे ठेवायला सुरुवात केली. पाण्याचा गुंड कुठे, चपला कुठे, खाट कुठे, यात त्यांनी पुढे कधी फरक पडू दिला नाही.

नंतर हर्षा नागपूरला एका संस्थेत राहून शिकली. येताना एक जुना लॅपटॉप घेऊन आली. त्यात विंडोजऐवजी लिनक्स होते. ते फुकट मिळते, आणि ते कसे चालते हे कोणालाही उघडून पाहता येते, असे तिने मला समजावले होते. पडद्यावर जे असेल ते तो लॅपटॉप बोलून दाखवी. आवाज इतका भरभर की मला एक शब्द कळत नसे. ती मात्र मान किंचित वाकडी करून ऐके आणि टाइप करीत जाई. हेडफोन ती वापरत नसे. कान झाकले की घरात कोण आले, कोण गेले ते कळत नाही, असे ती म्हणे.

शिकली खरी, पण काम मिळेना. ठिकठिकाणी बोलावणे येई, लोक कौतुक करीत आणि चहा पाजून परत पाठवीत. शेवटी नागपूरच्याच दुसऱ्या एका संस्थेने, म्हाताऱ्या माणसांच्या शेतीच्या आठवणी गोळा करणाऱ्या, तिला एक रेकॉर्डिंग पाठवले. बोलणारी बाई आपल्याच भागातली, आणि तिची झाडीबोली तिथल्या मुलांना नीट समजत नव्हती. हे ऐकून, टाइप करून सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवा; चांगले झाले तर नेहमीचे काम देऊ, असे त्यांनी कळवले. अर्धे तिने झपाट्याने केले. मग मावसबहिणीच्या लग्नासाठी तिला दवनीवाड्याला जावे लागले. तिथून परत येऊन तिने लॅपटॉप उघडला, तर त्याचा आवाज बंद.

भैयाजी तिला घेऊन गावातल्या मोनूच्या मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. मीही बरोबर होतो. मोनूने लॅपटॉप इकडून तिकडून पाहिला.

"भैयाजी, ये तो लिनक्स है. इसमें साऊंड का ड्रायव्हर ऐसाच तंग करता. सब साफ करके विंडोज डाल देता, एकदम फर्स्ट क्लास."

"सगळं साफ म्हणजे? माझं टाइप केलेलंबी जाईल?" हर्षाने विचारले.

"वो तो जायेगाच ना दीदी."

हर्षाने हात पुढे करून लॅपटॉप परत घेतला. मोनू वाईट मुलगा नाही. आंधळ्या माणसाचा लॅपटॉप त्याच्या दुकानात कधी आलाच नसावा.

सोमवारी सकाळी हर्षाने कुंपणापलीकडून हाक मारली. "काकाजी, तुमचे डोरे घंटाभर देता का मले?"

डोळे मागत होती, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवायला. इंग्रजी मी पार्सलवरच्या पत्त्यांपुरते वाचलेले, आणि एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. पण नाही म्हणवेना. आम्ही त्यांच्या ओसरीत बसलो. मंदाबाई पलीकडे सुपात तांदूळ पाखडून कनकी, म्हणजे तुटका दाणा, वेगळी काढत होत्या. नवे धान नुकतेच गिरणीतून भरडून आले होते.

रात्रभर फोनवर ऐकून हर्षाने उपाय गोळा केले होते. तिने काही कळा दाबल्या, एक काळी चौकट उघडली. तिने त्यात काही टाइप केले. तिला लॅपटॉपमधून काहीच ऐकू येत नव्हते. बोटांच्या भरवशावर चालले होते.

"उभ्या पट्ट्या दिसून राहिल्या का? स्पीकरच्या पट्टीखाली काय आहे?"

"दोन एम आहेत."

"म्हणजे त्याचं तोंड बांधलं आहे. थांबा." तिने बाणाच्या कळा दाबल्या. मी सांगत गेलो, ती त्या पट्टीवर पोचली आणि एक कळ दाबली. "आता?"

"शून्य शून्य."

"मोकळं झालं." तिने ऐकले. काहीच नाही. मला फार वाईट वाटले, जणू मीच चुकीचे वाचले होते.

मग तिने दुसरा हुकूम टाइप केला. पडद्यावर ओळींचा ढीग पडला. मी एकेक अक्षर लावत वाचू लागलो. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "काकाजी, तुम्ही मधलं गाळून राहिले."

"बिनकामाचं तेवढं गाळतो बाई. तुला उशीर नको."

"कोनतं बिनकामाचं?"

"हेडफोनचं. तो तर आपल्याकडे नाहीच."

तिचे हात कळांवर थांबले. "हेडफोनपुढे काय लिहिलं आहे?"

मी चष्मा पुसला. "अव्हेलेबल."

"आनि स्पीकरपुढे?"

"नॉट अव्हेलेबल."

"अरे बाप्पा!" ती म्हणाली. "म्हणजे याले वाटून राहिलं का कोनी कानात हेडफोन घालून बसलं आहे! म्हणून हा बाहेर बोलत नाही. काकाजी, बाजूले गोल छेद आहे हेडफोनचा. त्यात पाहा."

मी मोबाईलचा उजेड त्या छेदात टाकला. "आत काहीतरी पांढरं आहे."

पलीकडे सुपाचा आवाज थांबला. हर्षाने तिकडे मान वळवली.

"माय, काऊन थांबली?"

मंदाबाई हळूच म्हणाल्या, "कनकी असन ते."

"कनकी? माझ्या लॅपटॉपात?"

"तू दवनीवाड्याले गेली होती ना, तवा मी फळी पुसून राहिली होती. लोटा कलंडला, पानी लॅपटॉपवर गेलं. गावातल्या वीरेंद्रचा मोबाईल भिजला होता तवा त्यानं तांदळात ठेवला न् सुधरला. त मीबी ठेवला."

"कुठं ठेवला?"

"कोठीत. आताच भरली होती गिरणीच्या तांदळानं. पार खाली पुरला बाई. म्हटलं जेवढा खोल, तेवढा लवकर सुकन."

शहरात लोक वाटीभर तांदळात मोबाईल ठेवतात म्हणे. आमच्याकडे तांदळाला काय तोटा! न चाळलेला, कनकी आणि कोंड्यासकट असलेला कोठीभर तांदूळ, आणि त्याच्या तळाशी हर्षाचा लॅपटॉप. दोन दिवसांनी मंदाबाईंनी तो काढला, पदराने स्वच्छ पुसला आणि फळीवर त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून ठेवला.

"मले सांगाले काय झालं होतं?" हर्षाचा आवाज चढला.

"डोरे त गेलेच तुझे. आता तुझा बोलता डब्बाबी मीच मुका केला. कोन्या तोंडानं सांगू?"

हे ऐकून मला उठून जावेसे वाटले. पण हातात मोबाईलचा उजेड होता.

हर्षाने आईची समजूत काढली नाही. म्हणाली, "सांगतलं असतं त मी आली त्याच दिवशी निघाली असती कनकी. आज सोमवार आहे, माय. सुई आन."

तिने लॅपटॉप बंद केला आणि मांडीवर आडवा घेतला. मंदाबाईंनी सुई तिच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी मोबाईलचा उजेड छेदावर धरला. हर्षा म्हणाली, "काकाजी, उजेडाची मले गरज नाही. फक्त ते बाहेर आलं का ते पाहत राहा." सुई तिने छेदाच्या कडेने अगदी सावकाश आत घातली. भिजून फुगलेली आणि पुन्हा वाळलेली कनकी घट्ट बसली होती. ती फुटली आणि थोडा चुरा खाली पडला. तिने लॅपटॉप उलटा करून तळहातावर आपटला, पुन्हा सुई घातली. आणखी एक तुकडा निघाला. तो तिने चिमटीत धरून बराच वेळ चाचपला, मग जमिनीवर टाकला.

लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागतो. पंखा फिरू लागल्याचे मलाही ऐकू आले. पडदा उजळला आणि मग तो भरभर आवाज सुरू झाला. काय बोलला ते मला कळले नाही. मंदाबाई होत्या तिथेच खाली बसल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

हर्षा हसली नाही. तिने लगेच रेकॉर्डिंग लावले आणि कामाला लागली. मी घरी आलो. जेवलो, पण लक्ष तिकडेच होते. दुपारी कुंपणाजवळ गेलो तर ओसरीतून त्या म्हाताऱ्या बाईचा आवाज येत होता. ती बैलांनी धानाचा चुरणा कसा करीत ते सांगत होती. आता मळणी यंत्राने होते, हर्षाच्या वयाच्या मुलींनी चुरणा पाहिलेला नाही. आवाज थांबला, मागे गेला, पुन्हा आला, पुन्हा थांबला.

"माय, इकडे ये," हर्षा म्हणाली. "बस. ही बुढी काय सांगून राहिली? बैल कसे जुपत होते?"

मंदाबाई सूप ठेवून तिच्याजवळ जाऊन बसल्या. त्या सांगत गेल्या, हर्षा टाइप करीत गेली. मधला बैल अनुभवी लागतो, तो जागेवरच फिरतो, कडेच्या बैलाला सगळ्यात जास्त चालावे लागते, असे काहीसे मंदाबाई हातवारे करून सांगत होत्या. ते हातवारे हर्षाला दिसत नव्हते. दुसरे काही त्या दोघींत बोलणे झाले नाही. दिवेलागणीच्या आधी हर्षाने काम पाठवून दिले.

पुढच्या आठवड्यात मंदाबाई कुंपणापाशी आल्या. "भाऊजी, नागपूरवाल्यांचा फोन आला होता. तिले काम देऊन राहिले ते. नेहमीचं."

मी म्हणालो, फार चांगले झाले.

त्या गेल्या नाहीत. कुंपणाची एक काटकी सैल झाली होती ती दाबत उभ्या राहिल्या. "कामाचं सगळं विचारते मले. हे काय, ते काय. पन त्या तांदळाच्या गोष्टीवर अजून एक शब्द नाही बोलली. शिव्या दिल्या असत्या त बरं वाटलं असतं."

"बोलेल," मी म्हणालो. मग ती काटकी बांधायला सुतळी आणायला मी घरात गेलो.