जावयाच्या बोटीचं इंजिन

व्हिडिओत कुठलंही इंजिन छान चालतं. मोबाईलवर आलेल्या त्या व्हिडिओत बोटीचं डिझेल इंजिन एका सेल्फात सुरू होत होतं, मागच्या पाइपातून धुराबरोबर पाणी उडत होतं आणि व्हिडिओ काढणारा मधूनमधून "मक्खन, मक्खन" म्हणत होता. माझा नवरा तो व्हिडिओ जेवताना बघायचा, झोपताना बघायचा आणि प्रत्येक वेळी मला दाखवायचा. मी प्रत्येक वेळी एकच विचारायची, "सुरू करायच्या आधी किती वेळ बंद होतं?" मग तो मोबाईल खिशात टाकायचा.

व्हिडिओ काढणारे गृहस्थ म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, माझे नंदोई. राहतात अकोल्याला. कोकणातून एक जुनी बोट त्यांनी ट्रकवर घालून आणली होती, कुठल्याशा तलावावर थोडे दिवस चालवली, तिथे सगळ्यांशी भांडणं केली आणि आता ती घरामागच्या प्लॉटवर ताडपत्रीखाली उभी होती. आम्ही अमरावतीचे. नवऱ्याच्या गाड्या चिखलदऱ्याला पर्यटक नेतात. त्याला मोर्शीच्या बाजूच्या एका धरणावर बोटिंगची परवानगी मिळाली होती, आणि बोट चालवणार होता तो स्वतः. त्याला पोहता येत नाही, हे इथेच सांगून टाकते.

"घरात बोट असताना बाहेर कायले शोधता?" असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. त्यांच्या लेखी जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि हा ग्रह कायमचा वक्री. नणंद दोनदा बॅग घेऊन माहेरी आली होती. दोन्ही वेळा सासूबाईंनी तिला समजावून, साडी-चोळी करून परत पोचवलं होतं. बोटीचा सौदा फिसकटला तर त्याचा राग कोणावर निघणार हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि बोलत कोणीच नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. मला मात्र दिसत होतं ते एवढंच, की धरणाच्या मधोमध वारा सुटलेला असताना इंजिन बंद पडलं तर बोट सांडव्याकडे वाहत जाते आणि तिच्यात माझा नवरा आहे.

माझ्या वडिलांचं डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं गॅरेज होतं. शेतावरच्या पाण्याच्या इंजिनांवर मी शिकले आणि आज अमरावतीत माझं स्वतःचं दुकान आहे. सासरी याचा अभिमान वगैरे कोणाला नाही. लग्नात माझी ओळख "व्यापाऱ्याची मुलगी" अशी करून दिली होती. म्हणून मी "इंजिन मी बघणार" म्हटलं तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"जवायाच्या मालाले हात लावून पाहातेत का कोनी? वटाना विकत घेऊन राहिलो का आपन?"

"वाटाणा असता तर बघितला नसता," मी म्हटलं.

माझी एकच अट होती. मी पोचेपर्यंत इंजिनाला सेल्फ मारायचा नाही. डिझेल इंजिनाचा खरा स्वभाव ते थंड असताना सुरू करताना कळतो. गरम केलेलं आजारी इंजिनही तासभर शहाण्यासारखं वागतं. आमच्या साध्याभोळ्या नवऱ्याने ही अट जावयाला फोनवर शब्दशः कळवली. चोराला कुलपाची माहिती पोचवायची ती अशी.

मे महिन्यातला रविवार होता. आम्ही तिघं, म्हणजे नवरा, सासूबाई आणि मी, मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोचलो तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. नंदोई ओट्यावर स्वागताला उभे.

"या वैनी, या. दोष काढाले आल्या म्हने?"

"असला तरच निघेल."

ते मोठ्याने हसले. नणंद पाणी घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. तिचं आणि माझं कधीच जमलं नाही. माझ्या हाताला डिझेलचा वास येतो असं तिने माझ्या पहिल्याच दिवाळीत चार बायकांसमोर सांगितलं होतं. मग आमरस आला, पुऱ्या आल्या, आग्रह आला. मी ताट बाजूला ठेवलं आणि मागच्या प्लॉटवर गेले.

ताडपत्री काढली, फळी उचलली आणि इंजिनावर तळहात ठेवला. चटकाच बसला.

"हे चालू केलं होतं," मी म्हटलं.

"बाप्पा! वैनी, अकोला आहे हे. इथं गाडीच्या सीटवर पापड भाजते. इंजिन काय थंडगार राहीन?"

नवरा हसला. सासूबाई हसल्या. मला तेव्हा नवऱ्याचा जास्त राग आला. कारण नंदोईंचं म्हणणं खोटं ठरवता येत नव्हतं. वडिलांनी मला हाताने ताप ओळखायला शिकवलं होतं, पण इथे लोखंडाचा प्रत्येक तुकडाच तापलेला. बोटीच्या वरच्या कडीला हात लावला, तीही तशीच.

मी खाली वाकले आणि बोटीच्या मागच्या टोकाशी जमीन बघितली.

प्लॉटची काळी माती भेगाळून पार उलली होती. चप्पल अडकेल एवढ्या भेगा. फक्त बोटीच्या मागच्या पाइपाखाली, सावलीत, परातीएवढी जागा ओली होती. भेगा मिटलेल्या. हाताचं बोट घातलं तर चिखल चिकटून वर आला. बोटीचं इंजिन बाहेरचं पाणी ओढून थंड राहतं आणि ते पाणी मागून फेकतं. जमिनीवर चालवायचं तर पिंपातून पाइप जोडून पाणी पुरवावं लागतं, नाहीतर आतला रबरी पंखा जळतो. आणि या वस्तीत नळ येतो आठवड्याने, बायका पिण्याचं पाणी मोजून वापरतात.

"हे पाणी कशाचं?" मी विचारलं.

"कुलरचं असन."

"कूलर घराच्या पुढच्या बाजूला आहे."

नंदोईंचा आवाज चढला. "भाऊ, बायकोले आवरा. मी काय चोर आहो का? पाहुने मनून बोलावलं त माती चिवडून राहिल्या माझ्या दारातली!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.  मी तेल बघायची सळई ओढून काढली. तेल नवंकोरं, मधासारखं. विकताना तेल बदलणं सगळ्यांना सुचतं. मग मी तेल ओतायच्या तोंडाचं झाकण फिरवलं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय जमली होती. आतलं गास्केट फाटून तेलात पाणी शिरलं की अशी साय धरते, आणि झाकण पुसायचं कोणालाच आठवत नाही. मी ते झाकण नवऱ्याच्या नाकासमोर धरलं.

"गास्केट बदलून घेऊ ना," तो हळूच म्हणाला. "जवाईबापू वाईट वाटून घेतीन."

"त्यांना वाईट वाटेल म्हणून तू बुडणार का?"

हे मी ओरडून म्हटलं. शेजारच्या गच्चीवरची बाई वाळवण सोडून बघायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "घेऊन टाका अन् विषय संपवा. मंग काय करायचं ते करा." बघा ना, इंजिन वाईट आहे हे त्यांनाही कळलं होतं. तरी मुलाने ते घ्यावं, मुलीच्या घरात शांतता राहावी, असा त्यांचा हिशोब. तो ऐकून माझ्या अंगाची जी आग झाली ती उन्हाची नव्हती.

मी घरातून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि बोटीच्या सावलीत मांडली. "इंजिन थंड होईपर्यंत मी इथून हलणार नाही. मग सेल्फ मारू. सुरू झालं तर आजच घेऊ, मी तुमची माफी मागीन."

दुपारभर बसले. सावली सरकली की खुर्ची सरकवायची. घरात कूलर घरघरत होता, झोपा चालल्या होत्या. मला पाणी विचारायला कोणी आलं नाही. एकदा नणंद मागच्या दारात आली, उंबऱ्यावरच थांबली. तिच्या साडीच्या काठाला वाळलेला काळा चिखल होता. मी त्याच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं आणि ती आत गेली.

ऊन उतरल्यावर सगळे बाहेर आले. अकोल्याची मेमधली संध्याकाळ म्हणजे थंड नव्हेच, तरी इंजिन आता हवेइतकंच होतं. नवऱ्याने आमच्या गाडीतला पाण्याचा कॅन पिंपात ओतला आणि पाइप जोडला. नंदोईंनी किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, सुरू झालं नाही. पुन्हा फिरलं. पुन्हा. मग एकदाचं धडधडलं, पांढऱ्या धुराचा लोट सोडला, चार ठोके चुकवले आणि बंद पडलं. त्यानंतर बॅटरीही बसली.

मोर्शीला डिसेंबरच्या सकाळी, धरणावर धुकं असताना, ह्या इंजिनाने काय केलं असतं याचा विचार मी नवऱ्याच्या चेहऱ्यावर उमटताना पाहिला. त्याने पिंपाचा पाइप काढून गुंडाळायला घेतला.

नंदोई बोलले. माझ्याशी नाही. ते वळले नणंदेकडे.

"तुले सकाळी सांगतलं होतं ना, या लोकायची गाडी येईस्तोर चालू ठेव मनून? काऊन बंद केलं लवकर?"

"पानी संपलं होतं पिपातलं," नणंद म्हणाली. "आपलं प्याचंही ओतलं मी."

एवढं सगळ्यांसमोर, तिच्या सख्ख्या भावासमोर. तिला सकाळी जुंपून, घरातलं पिण्याचं पाणी त्या इंजिनाच्या घशात ओतायला लावलं होतं, आणि ओरडाही तिलाच.  नवऱ्याने खिशातून गाडीची किल्ली काढली, एवढंच. समोर जावई होता ना! मी म्हटलं, "निघायचं." नंदोई ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी आम्हाला निरोप दिला नाही, फक्त आत जाणारं दार बसल्या जागेवरून पायाने ढकलून लावलं. नणंद बाहेरच राहिली.

सासूबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या. नणंद गाडीपर्यंत आली. मी तिला सोडणार नव्हतेच.

"तुझा भाऊ बसणार होता त्या बोटीत. तुला माहीत होतं?"

"माहीत होतं," ती म्हणाली. तिने मान खाली घातली नाही. "वैनी, तुमी दिवसभर बसून त्याले खोटं पाडलं. बरोबर केलं. तुमी आता अमरावतीले जासान. अन् मी?"

  मी मागचं दार उघडलं. नणंदेने आत बसलेल्या आपल्या आईकडे बघितलं.

"चार दिवसांनं ये," सासूबाई तिला म्हणाल्या. त्या समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होत्या. "त्यायचा राग उतरू दे पहिले."

मी आत वाकले आणि त्यांच्या मांडीवरची पर्स उचलून बाहेर धरली. "मग चार दिवस तुम्ही राहा, आई. राग उतरला की आम्ही तुम्हाला न्यायला येतो."

नवरा स्टिअरिंग धरून बसला होता. त्याने मागे वळून बघितलं नाही, पण गाडीही सुरू केली नाही. सासूबाईंनी ओट्याकडे बघितलं. तिथे जावईबापू पाय पसरून बसले होते आणि थेट आमच्याकडे बघत होते. सासूबाईंनी बराच वेळ बघितलं. मग माझ्या हातातली पर्स घेतली, ती पोटाशी धरली आणि पलीकडच्या खिडकीकडे सरकल्या.

नणंदेच्या पायात चपला नव्हत्या. ती तशीच आत बसली.